प्रकृतिरक्षणार्थ मद्यपान : काही अपवाद

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो आणि दिला जातो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी. म्हणजे कागदोपत्री राज्यातला प्रत्येक पिणारा औषधच घेत असतो. बिअरचे औषध २१व्या वर्षी सुरू करता येते. व्हिस्की-रमसाठी प्रकृती २५ वर्षांची व्हावी लागते. औषध म्हटले की पथ्य आले. ते पुढीलप्रमाणे.

गाडी चालवायची असल्यास घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडल्यास पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यावर वेलची, बडीशेप, मसाला पान आणि नाकाबंदी नसलेली गल्ली असे चार उतारे प्रचलित आहेत. यंत्र मात्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून येणाऱ्या हवेतले अल्कोहोल मोजते. पानामुळे फार तर हवालदाराच्या वाट्याला सुगंधी फुंकर येते. लिंबूपाणी, काळी कॉफी आणि डोक्यावर गार पाणी यांनी माणूस जागा होतो. चढलेली उतरत नाही. यकृत साधारण तासाला एक छोटा पेग निपटते. साहेब घाईत आहेत म्हणून ते ओव्हरटाइम करत नाही.

दुसरे औषध चालू असताना घेऊ नये. झोपेच्या किंवा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांवर दारू पडली की गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो. जुलाबासाठी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलबरोबर मळमळ, उलट्या आणि धडधड होऊ शकते. चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘चकण्यानंतर’ असा लावण्याची रीत आहे.

गरोदरपणात घेऊ नये. इथे सुरक्षित अशी मात्राच ठरलेली नाही. ‘थोडी वाइन रक्तवाढीला चांगली’ असे सांगणाऱ्याच्या पोटात सहसा बाळ नसते.

पाण्याच्या जवळ घेऊ नये. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश लागतात. ‘मद्यपान करून पाण्यात उतरू नये’ हा फलक भक्कम लोखंडी खांबावर असल्याने बाटली उघडताना टेकायला सोयीचा पडतो. दारूने तोल जातो, अंदाज चुकतो आणि पोहता येत असल्याचा आत्मविश्वास तेवढा वाढतो.

ड्राय डेला घेऊ नये. गांधी जयंतीला दुकाने बंद असतात, मतदानाची वेळ संपण्याआधीचे ४८ तासही बंद असतात. त्यामुळे लोकशाही आणि अहिंसा या दोहोंची आठवण आदल्या संध्याकाळच्या रांगेत सर्वाधिक निघते. श्रावणात यकृताला महिनाभर रजा मिळणार, म्हणून गटारीला त्याच्याकडून महिन्याचे काम एका रात्रीत उरकून घेतात. एकदम एवढी पोटात गेल्यास शुद्ध हरपते आणि उताणे झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा माणसाला कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे. त्याचा व्हिडिओ काढणे हा प्रथमोपचार नव्हे.

शेवटची वेळ म्हणजे ‘मला काही चढलेली नाही’ असे वाक्य तोंडातून निघते ती. दारू पायांच्या आधी विवेकाला गाठते. त्यामुळे चढली की नाही हे ठरवण्याचे काम त्या बैठकीतल्या सर्वांत अपात्र माणसाकडे जाते. गाडीची चावी कोणाकडे द्यायची, हे बाटलीचे बूच उघडण्यापूर्वीच ठरवावे.