चाखणराव

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की वैनगंगेचा पूल ओलांडल्याबरोबर कारधा लागतं. पावसाळ्यात नदी फुगली की या गावाचं नाव पेपरात येतं. उन्हाळ्यात पेपरवाल्यांचं काही काम नसतं, कारण उन्हाळ्यात फक्त चाखणराव येतो.

हे बारसं मित्रांनी केलेलं. बाकीचे दारूसोबत चाखणा खातात, हा दारूच चाखतो. पितो असं म्हटलेलं त्याला खपत नाही. तो पुण्यात नोकरीला आहे. क्राफ्ट बिअरचं वेड पुण्यात डूलालीनं २००९ साली लावलं, तेव्हा हा भंडाऱ्याच्या शाळेत नववीत होता. पण सांगताना असा सांगतो, की पहिलं पिंप फोडायला यालाच बोलावलं होतं.

या खेपेला त्यानं जांभळाची काळी बिअर आणली. समृद्धी महामार्गानं, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या चार पिशव्यांमध्ये निजवून. वाटेत वर्धा जिल्हा लागतो आणि तिथं दारूबंदी. त्या टप्प्यात म्हणे त्यानं गाडीत भजनं लावली होती.

डबा पोचला, आता ग्लास. भंडारा म्हणजे भांड्यांचं गाव, घरात पितळेचे पेले रग्गड. पण याला ट्युलिपच्या फुलासारखाच काचेचा ग्लास लागतो, म्हणून तो मोज्यात गुंडाळून आणलेला. मोठी आई म्हणाली, ‘‘पेला नको घेऊ बाबू, पितळेत आंबट कळकते.’’ बाटलीत आंबट आहे हे झाकण न उघडता ओळखणारी ती गावातली एकटीच. वरून तिनं विचारलं, हे आहे काय? यानं ठोकून दिलं, ‘‘जांभळाचा अर्क. शुगरवर चांगला.’’ तिला बारा वर्षांपासून शुगर. तिनं लगेच वाटी पुढे केली. चाखणरावला कपाळभर घाम फुटलेला मी याआधी पाहिला नव्हता. ‘‘उपाशीपोटी घ्यायचा असते, मोठी आई, आता तू जेवली,’’ म्हणून वेळ निभावली.

संध्याकाळी बैठक बांधीच्या धुऱ्यावर. समोर गोसेखुर्दच्या बॅकवॉटरचं थांबलेलं पाणी, त्यावर जलपर्णी, तिच्यावर डास. त्या धरणाची पायाभरणी १९८८ सालची, म्हणजे चाखणरावापेक्षा धरण वयानं मोठं. बिअर म्हणे दहा-बारा अंशांवर प्यायची असते. हवा तेव्हा चव्वेचाळीसवर. म्हणून विधी झटपट उरकायला हवा होता, पण झटपट हा शब्द त्याच्या शास्त्रात नाही.

आधी ग्लास तिरपा करून ओतणं. मग फेस बघणं. फेस तांबूस निघाला, याचं त्याला कोण समाधान! मग ग्लास मावळत्या उन्हात धरून डॉक्टर एक्स-रे बघतो तसं बघणं. मग तळहातानं तोंड झाकून ग्लास फिरवणं आणि नाक आत घालणं. नाक बराच वेळ आत राहिलं. कोणीतरी विचारलं, ‘‘अडकलं का गा?’’

‘‘कॉफी,’’ तो डोळे मिटून म्हणाला. ‘‘डार्क चॉकलेट. मागून ओली माती. आणि अगदी शेवटी… बालपण.’’

मग आम्हाला प्रत्येकी दोन घोट मिळाले. शेजारच्या बांधीवाल्यानं तोंडात धरून ठेवले, गिळले आणि म्हणाला, ‘‘हे तं करपलं आहे. आणि जांभूळ टाकलं तं गोड काऊन नाही लागत?’’

खरं म्हणजे एवढ्यात सगळं परीक्षण आटोपलं होतं. काळ्या बिअरचा काळेपणा येतो तो सातूचे दाणे कॉफीच्या बियांसारखे भाजून, करपण्याच्या जरा अलीकडे थांबवून. आणि फळ घातलं की त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागे उरतो आंबटपणा, तुरटपणा आणि वास. बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून क्रीक नावाची बिअर पिढ्यान्‌पिढ्या करतात, तिचं गणितही हेच. हे सगळं चाखणरावला ठाऊक आहे, पण त्यानं ते सांगितलं नाही. करपलं हा शब्द त्याला लागला. ‘‘रोस्टेड म्हणतात,’’ एवढंच तो म्हणाला आणि वहीत दहापैकी साडेआठ गुण लिहिले. अर्धा गुण कशाचा, हे विचारायची सोय नाही. माझा अंदाज असा, की तो बर्फाचा असावा.

तोवर ग्लासातली बिअर कोमट झाली होती. त्याच्या स्वतःच्या ग्लासातली तर जेमतेम अर्धी संपली होती. त्याला पिण्याची फार आवड नाही, हे माझं जुनं मत आहे. पुण्यात सगळेच चाखणारे, तिथं ऐकायला कोण रिकामं? त्यासाठी तो पदरचा बर्फ घालून एवढ्या लांब कारध्याला येतो.

निघताना त्यानं पुढचा बेत सांगितला. मोहफुलांची काळी बिअर करायची. पुण्यातला एक दोस्त तयार आहे, फक्त फुलं इथली पाहिजेत, चांगली वाळलेली.

‘‘फुलं देतो ना गा,’’ बांधीवाला म्हणाला, ‘‘किलोच्या भावानं. आयकाचे पैसे अलग लागतीन.’’