जे नंतर होईल ते

टायमिंग बेल्ट पुढे ढकलणारा गृहस्थ बहुधा जुन्या डिझेल गाडीचा मालक असतो. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली आणि पुण्यात ही जात फोफावली. पुढे डस्टरवाल्यांनी परंपरा राखली. गृहस्थ कंजूष नसतो. सीटकव्हर, पॉलिश, डॅशबोर्डावरचा गणपती यांत त्याने कधी हात आखडला नाही. बेल्ट मात्र कव्हराच्या आड असतो, चारचौघांना दाखवता येत नाही.

या आडच्या वस्तूचे काम मोठे असते. खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट यांना बांधून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायचा, पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्हने वाट मोकळी करायची. डिझेल इंजिनात दोघे एकदम मावतील एवढी जागा सहसा नसते. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

बेल्ट कधी बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. इंजिनागणिक आकडा वेगळा, पण बऱ्याच गाड्यांत साठ हजार ते एक लाख किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, जे आधी होईल ते. गृहस्थ हे ‘जे नंतर होईल ते’ असे वाचतो. गाडी कमी फिरली तर तो किलोमीटर मोजतो, जास्त फिरली तर वर्षे. उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते, हे त्याला पटत नाही. स्वतःचे गुडघे सोफ्यावर बसूनच कुरकुरायला लागले, तरीही.

“आवाज कुठे येतोय?” हा त्याचा हुकमी प्रश्न. चिरकतो तो बाहेरचा फॅन बेल्ट. तो त्याने तत्परतेने बदललेला असतो आणि ‘बेल्टचं काम झालं’ असे घरी जाहीरही केलेले असते. टायमिंग बेल्ट बहुधा निमूटपणे जातो.

गॅरेजमधला संवाद ठरलेला.

“काका, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच टाकू. तुमच्या गाडीत पंप याच बेल्टवर फिरतो. मजुरी एकदाच लागेल.”

“पंप गळतोय का?”

“गळला तर कूलंट बेल्टवरच जाईल.”

“मग गळू दे की आधी! दिवाळीनंतर बघू.”

कोणत्या दिवाळीनंतर, हे मिस्त्री विचारत नाही. क्वचित बायकोच्या धाकाने गृहस्थ नुसता बेल्ट बदलतो. मग जुना पट्टा घरी आणून, ताणून, वाकवून पाहुण्यांना दाखवतो: “एक भेग नाही! अजून दोन वर्षं गेला असता.” आतले काचतंतूंचे धागे थकले तरी वरून पट्टा धडधाकट दिसू शकतो, हे पाहुण्यांनाही ठाऊक नसते.

न बदललेला बेल्ट खंबाटकी घाटात तुटतो. इंजिन एकदम गप्प. किल्ली फिरवली की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, कारण व्हॉल्व्ह उघडे अडकल्याने कॉम्प्रेशनच उरलेले नसते. गृहस्थ खूश होतो, “बॅटरी ठणठणीत आहे!” आणि पुन्हा पुन्हा किल्ली मारतो. टोचन लावून गाडी गॅरेजात जाते, हेड उतरते, वाकलेले व्हॉल्व्ह ट्रेमध्ये मांडले जातात. बेल्टच्या कामाच्या कैकपट बिल होते.

सहा महिन्यांत गाडी विकायला निघते. जाहिरातीत ठळक ओळ असते: ‘इंजिनाचं संपूर्ण काम नुकतंच केलेलं, बेल्ट नवा.’ घेणारा बिल पाहत नाही. ॲव्हरेज विचारतो आणि सीटकव्हरांवरून हात फिरवतो.