परसेंट काकाजी

हिंगणा रोडवरच्या कोणत्याही लेआउटमध्ये शिरा, प्रायमर लागलेलं आणि रंगाची वाट पाहणारं एखादं तरी गेट दिसेलच. तिथे बेल शोधू नका. भिंतीतून नुसत्या दोन वायरी बाहेर आलेल्या असतात. हाक मारा. कानामागे पेन्सिल खोचून जे गृहस्थ बाहेर येतील, ते परसेंट काकाजी.

काकाजी एमआयडीसीतल्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. रिटायर झाले, कंपनी सुटली, प्लॅनिंग काही सुटलं नाही. प्रॉडक्शन त्यांच्याकडे तेव्हाही नव्हतं.

"काय काकाजी, कसं काय?" असं विचारलं तर तब्येत सांगत नाहीत. "ओव्हरऑल चौऱ्याहत्तर टक्के," म्हणतात. मग रजिस्टर निघतं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, पानापानावर पट्टीने आखलेलं. कामाचं नाव, सुरू केल्याची तारीख, झालेले टक्के, लाभार्थी, शेरा. दर रविवारी सकाळी पोहे झाले की आढावा. त्यात दुपार जाते. मग काम करायला वेळच उरत नाही आणि ते 'वेळेअभावी' असं शेऱ्यात प्रामाणिकपणे लिहिलं जातं.

शेऱ्याचा रकाना हेच काकाजींचं खरं कसब. कूलरच्या स्टँडपुढे 'वेल्डिंगच्या वेळी लाइट गेली'. माळ्याच्या फळीपुढे 'फेविकॉल वाळत आहे', गेल्या दिवाळीपासून. न्हाणीघराच्या टाइल्सपुढे 'मिस्त्री आला नाही'. मिस्त्री म्हणजे ते स्वतःच. कूलर तर पंखा, बॉडी, ताट्या सगळं होऊन ९० टक्क्यांवर आहे, फक्त पंप बसायचा राहिला. भर नवतपात काकू त्याच्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "गरम हवा फेकून राहिला न हा!" काकाजी म्हणाले, "हवा येऊन राहिली न? पाणी दुसऱ्या फेजमध्ये आहे."

फेज हा शब्द त्यांनी मेट्रोकडून उचलला. तोच त्यांच्यावर उलटला. नागपूर मेट्रोचं काम २०१५ मध्ये सुरू झालं, गेटचंही त्याच उन्हाळ्यात. जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत गाडी धावायला लागली. काकू तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "मेट्रो येऊन गेली, यांचं गेट काही येऊन नाही राहिलं." यावर काकाजींचं म्हणणं असं, की मेट्रोला माणसं किती आणि मी एकटा किती!

पण माणूस खोटं लिहिणारा नाही. एका पावसाळ्यात दाराची फळी फुगली, तर त्यांनी स्वतःच्या हाताने ९१ खोडून ८६ केले आणि बाजूला सही ठोकली.

एकदाच रजिस्टरचा अपमान झाला. काकूंचं क्रोशाचं तोरण त्यांनी उत्साहाने १७व्या ओळीत घेतलं, टक्के लिहिले ६५. काकूंनी ते वाचलं, रात्री दोन मालिका बघता बघता तोरण पुरं केलं आणि सकाळी दारावर टांगून मोकळ्या झाल्या. काकाजी चष्मा लावून तोरणाखाली बराच वेळ उभे होते. "इन्स्पेक्शन नाही, काही नाही, एकदम शंभर?" त्यांनी विचारलं. ती ओळ अजून बंद केलेली नाही. शेरा आहे, 'पडताळणी बाकी'.

पहिल्या पानावरचं पहिलं काम म्हणजे तान्ह्या पोळ्याचा सागवानी नंदी. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात. काकाजींना त्यात एकच उणीव दिसते: पहिला नंदी किती दिवसांत झाला, याची कुठे नोंद नाही. त्यांच्या नंदीची आहे. लाभार्थी म्हणून आधी 'मुलगा' लिहिलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा ते खोडलं आणि 'नातू' लिहिलं. वशिंड झालं, शिंगं झाली, पाट्याला तीन चाकं लागली. चौथ्याचा नट इतवारीतून आणायचा आहे. एकूण ९२ टक्के.

यंदा नातू पोळ्याला आला. आजोबा आढाव्यात गुंतलेले पाहून त्याने नंदीला दोरी बांधली, शिंगांना बेगड लावली आणि तीन चाकांवर फरफटत तो घरोघर हिंडवला. लंगडा नंदी पाहून बाया हसल्या, पण पूजा केली, बोजारा दिला. टक्के कोणी विचारले नाहीत. पोट्टं खिसा खुळखुळवत परत आलं.

काकू म्हणाल्या, "झालं न काम? आता तरी लिहा शंभर!"

काकाजींनी बोजारा दोनदा मोजला, पेन्सिल कानामागून काढली आणि शेऱ्यात लिहिलं, 'अ‍ॅडव्हान्स जमा. डिलिव्हरी पुढच्या पोळ्याला.'