कुत्र्याच्या छत्रीखाली ब्रह्मांड

पाऊस लागला की चिंचवडचे निम्मे रविवार मावळात सांडतात. लोहगड, तिकोना, पवना धरण, भाजलेले कणीस, ओले मोजे. इथवर ठीक. आता त्यात एक नवी हौस शिरली आहे. वाटेत उगवलेल्या छत्र्यांकडे वाकून बघायचे आणि हळूच विचारायचे, "यातली ‘ती’ कुठली रे?"

‘ती’ म्हणजे मॅजिक मशरूम. खाल्ली की भिंती श्वास घेऊ लागतात, म्हणे.

भाड्याच्या वन बीएचकेत पावसाळाभर भिंतींना घाम फुटलेलाच असतो. वर श्वास कशाला?

हा हौशी गडी असतो कोण? सोमवार ते शनिवार चाकणच्या लाइनवर उभा असलेला. बोल्टला गो-नोगो गेज लावणारा. एका ओरखड्यापायी अख्खा लॉट परत पाठवणारा. सप्लायर "साहेब, दिसायला सेमच आहे" म्हणाला, तर त्याला गेटवरच ताटकळत ठेवणारा.

रविवारी तोच म्हणतो, "दिसायला सेमच आहे. खाऊन बघू."

फोनमध्ये ॲप आहे ना! आहे की. ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी अशी तीन ॲप 78 अळंब्यांवर तपासली आणि 2023 मध्ये निकाल छापला. सर्वांत हुशार ॲपला निम्म्यासुद्धा नीट ओळखता आल्या नाहीत. एवढे रिजेक्शन चाकणच्या एखाद्या व्हेंडरने दिले असते, तर त्याचे शटर दिवाळीआधीच खाली आले असते.

आणि चूक झाली तर काय होते? 1981 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, व्हिडबी बेटावर, तीन पोरांनी नशेची समजून गॅलेरिना नावाची विषारी अळंबी खाल्ली. एक मुलगी गेली.

या विषाची तऱ्हा मोठी कपटी. खाल्ल्यावर सहा-बारा तास, कधी चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. मग एखादा दिवस बरे वाटते. माणूस कामावर जायचा विचार करतो, शिफ्टसुद्धा विचारून ठेवतो. तोवर आत यकृत राजीनामा लिहीत असते.

शिजवून खाल्ले तर? विष तसेच राहते. चांदीचे नाणे काळे पडले नाही तर? नाण्याला काही कळत नाही. किड्यांनी खाल्ली आहे म्हणजे चांगली? किड्याचे यकृत तुमच्याकडे आहे का?

"पण आदिवासी खातातच की!" हा हुकमाचा पत्ता. खातात. मावळातली कातकरी किंवा ठाकर बाई ठरावीक वारुळापाशी, ठरावीक दिवसांत जाते, ओळखीची तेवढी अळंबी उचलते आणि बाकीच्या शंभर छत्र्यांकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्या विद्येतला मोठा भाग सोडून देण्याचा आहे. आपल्या हौशीला नेमका तोच भाग ऑप्शनला टाकायचा असतो.

तरी पिढ्यान्‌पिढ्या रानातले खाणारेही फसतात. एप्रिल 2022 मध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन किमान 13 माणसे दगावली. बहुतेक चहाच्या मळ्यांतली. त्यांना भाजी हवी होती.

तुम्हाला तर भाजीही नको आहे.

मग येतात वकिली करणारे. "अरे, कोर्टानेच सांगितलंय, ही नुसती बुरशी आहे." जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तसे म्हटले खरे. अळंबी नैसर्गिक बुरशी आहे, तिला अमली रसायनाचे मिश्रण धरता येणार नाही, असे. पण तो आदेश होता जामिनाचा. म्हणजे आरोपी तोवर गजाआड होता. हा तपशील रीलमध्ये मावत नाही.

अळंबीतले सिलोसायबिन हे रसायन 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. सेवन केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोडाईकनालला पर्यटकांना हा माल विकणाऱ्यांना पोलीस अधूनमधून उचलतच असतात. ऑनसाइटचा व्हिसा डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या इंजिनिअरने पोलीस पडताळणी हा शब्द तेवढा मनात घोळवावा. भिंती आपोआप हलू लागतील.

संस्कृतीवाले मागे कसे राहतील? सोमरस म्हणजे अळंबीच होती, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. हा दावा गॉर्डन वॉसन या अमेरिकी बँकरचा, 1968 च्या पुस्तकातला. अभ्यासकांत त्यावर आजही एकमत नाही. आमच्या मंडळींत मात्र लगेच झाले. ऋषींचे पहाटे उठणे, उपास आणि पाठांतर यांवर ते अजून व्हायचे आहे.

याच वॉसनने 1957 मध्ये ‘लाइफ’ मासिकात मेक्सिकोतल्या मारिया साबिना या वैदू बाईच्या अळंबी-विधीची गोष्ट छापली. मग तिच्या गावात परदेशी हौशांची रीघ लागली. पोलीस आले. गावकरी चिडले. बाईचे घर जाळले गेले. ती अळंबी द्यायची आजाऱ्याला बरे करायला. आलेल्यांना देव बघायचा होता, तोही सुट्टी संपायच्या आत.

औषध म्हणून यात काही आहे का? असेल. संशोधन जोरात चालू आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांना सिलोसायबिन लिहून द्यायची मुभा दिली. मोजलेला डोस, शेजारी माणूस, हाताशी दवाखाना. त्याच देशात, त्याच जुलैत, लिओनगाथा गावात एका जेवणात डेथ कॅप ही विषारी अळंबी गेली आणि तीन पाहुणे मेले. यजमानीण खुनाबद्दल दोषी ठरली.

देश एक, महिना एक. फरक कोण वाढतंय आणि काय मोजून वाढतंय, एवढाच.

आणि बुरशीचे कौतुक चिंचवडला इतरांनी शिकवावे? शेजारी पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती बुरशीपासून पेनिसिलिन काढायला. याच कंपनीच्या प्रयोगशाळेने पिंपरीचे नाव लावणाऱ्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या जिवाणूपासून हॅमायसिन शोधले. ते कशावरचे औषध? बुरशीवरचे! कंपनीच्या एचए कॉलनीतल्या कुठल्याही निवृत्त काकांना विचारा, बुरशी ओळखायला काय लागते. ते सूक्ष्मदर्शक म्हणतील, कल्चर म्हणतील, बॅच नंबर म्हणतील. "एक तुकडा चावून बघा" असे एकही काका म्हणणार नाहीत.

"मग नवशिक्याने सुरुवात कुठून करायची?" बघण्यापासून. फोटो काढा, चित्र काढा, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर पावसात हिंडा. पाच वर्षे हिंडा. तोंड बंद ठेवून हिंडता येते. ट्रेकला तसे कुणी हिंडत नाही, ही गोष्ट वेगळी.

खायचीच हौस असेल तर बाजारातून पाव किलो धिंगरी आणा, लसूण घालून परता. चढणार नाही. उतरवायलाही कुणी लागणार नाही.

आणि कुणी खाल्लीच असेल, तर त्रास व्हायची वाट बघू नका, उलट्या थांबल्या म्हणून घरी निजू नका. उरलेली अळंबी कागदी पिशवीत घ्या आणि तडक वायसीएम किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. काय खाल्ले आणि किती वाजता, हे डॉक्टरांना खरे सांगा. घरच्यांना काय सांगायचे ते नंतर बघू.