जावईबापू, कंबर चोळा

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजात नवऱ्याची केवढी सोय बघितली आहे, हे कुठलाही नवरा बोलून दाखवत नाही. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की तिनं जामखेडला जायचं. आपण नगरला सावेडीत राहून भेटेल त्याला "काळजी वाटते हो" म्हणायचं आणि रात्री निवांत घोरायचं. फोन आला की निघायचं. नगर-जामखेड पाऊणशे किलोमीटर. जिल्हा एकच, पण मध्ये कडा-आष्टी, म्हणजे बीड जिल्हा ओलांडावा लागतो. तोवर तिकडे निकाल लागलेला असतो आणि आपण थेट पेढ्यांना पोचतो. आमच्या घराण्यात सगळे असेच बाप झाले.

माझा बेत फिसकटला तो मावससासूबाईंमुळे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे त्यांनी गावोगावच्या बायका हेरून आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मावशी या सेविकांपैकी एक. हात स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्मं गाव जगात आणलं. त्यातले काही आता सरपंचकीला उभे राहतात; मावशी त्यांना अजून नाळेवरूनच ओळखतात.

दुर्दैवानं मी वेळेत पोचलो. पहिलटकरणीच्या कळा, घाई कुणालाच नव्हती. दवाखान्याच्या बाकावर नवऱ्यांचं खातं वेगळं असतं. थर्मास सांभाळणं, चिठ्ठी घेऊन मेडिकलला पळणं आणि दर पाच मिनिटांनी आत्याला फोनवर "अजून नाही" असं सांगणं. शेजारच्या कर्जतच्या गृहस्थांनी चार फेऱ्यांत घामाघूम होऊन "लई त्रास असतो राव बाळंतपणाचा" असं म्हटलं, ते स्वतःबद्दल.

तेवढ्यात मावशी दारात आल्या. "जावईबापू, थर्मास ठिवा आन् आत या. डाक्टरीनबाईंना इचारलंय."

२०१६ पासून सरकारी दवाखान्यांतही बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला केंद्र सरकारची परवानगी आहे. आडोशाची सोय असेल तर नवराही चालतो. अटी साध्या आहेत: कपडे स्वच्छ हवेत, संसर्गाचा आजार नको, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी आणि कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड करायची नाही. पहिल्या तीन अटी कुणीही पाळेल. पण नगरी माणसाला समोर काम चाललेलं दिसत असताना सूचना करू नको म्हणणं, ही क्रूर अट आहे.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारीनं गेलो होतो. "दीर्घ श्वास घे," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही गप्प बसा!" लग्नानंतर प्रथमच हिनं माझ्या आईच्या आवाजात मला सांगितलं.

मावशींनी माझा हात धरून तिच्या कमरेवर, माकडहाडाच्या जरा वर ठेवला. "बोटं नगं, तळवा. कळ आली की दाबायचं, गेली की सोडायचं. आन् मधी पाण्याचा घोट." बस्स, एवढंच. कळ आली की ही माझा दुसरा हात असा आवळायची की लग्नातली अंगठी शेजारच्या बोटात रुतायची. हिच्या कपाळावरचा घाम पुसावा म्हणून मी रुमाल काढला, तर तो मेडिकलच्या बिलासकट निघाला. त्या अवस्थेतही हिनं रक्कम वाचली.

बाळंतिणीजवळ सतत कुणी असलं तर कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनची वेळही कमी येते, असं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये, बाईला हवं ते माणूस सोबत असू द्या, अशी शिफारसच केली. हे मी मधल्या उसंतीत मावशींना ऐकवलं.

"मंग? बाईला येकटं सोडत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "चोळा, थांबू नगा."

मुलगी झाली. बाहेर सासरे, मामेसासरे, कर्जतवाले, सगळे सज्ज होते. मला मध्ये उभं करून टोपी घातली, टॉवेल दिला, नारळ हातात ठेवला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आणि मीही, खोटं कशाला बोलू, सत्कार स्वीकारत मान लववली.

त्या थाटातच आत गेलो. हिनं डोळे किलकिले करून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तो टॉवेल इकडे द्या," ती म्हणाली, "धुतला की हिच्याखाली घालायला होईल. आणि टोपी काढा, पोरगी घाबरेल."