मुरलेला डायव्हर

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर या डच बेटावर तीन प्राणी मोकळे हिंडताना दिसतात: फ्लेमिंगो, गाढवं आणि मुरलेला डायव्हर. पहिले दोन कुणाला सल्ला देत नाहीत.

बोनेरला डायव्हिंगसाठी बोटीचीसुद्धा गरज नसते. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड डायव्हची जागा दाखवतात. तिथे पिकअप उभी करायची, पाठीवर सिलिंडर चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. आपला गडी मात्र आधी दगडाला टेकून भाषण करतो. हिल्मा हूकर हे जहाज गांजा सापडल्यामुळे इथे अडकलं, 1984 साली बुडालं आणि आता सुमारे 30 मीटर खोल आडवं पडलंय. हे तो असं सांगतो, की जहाजाला भोक यानेच पाडलं असावं.

‘वन थाउजंड स्टेप्स’ नावाच्या जागी पायऱ्या जेमतेम सत्तर. ‘हजार कसल्या? मोजा!’ असं प्रत्येकाला बजावत तो खाली उतरतो. डायव्ह संपवून सिलिंडरसकट वर येताना मात्र तिसाव्या पायरीवर थांबतो आणि सगळ्यांना समुद्राचा देखावा दाखवू लागतो.

इथला समुद्र 1979पासून संरक्षित आहे. पोवळ्यांना कुणी हात लावू नये म्हणून हातमोजे घालायलाच बंदी. हा नियम नवशिक्यांसाठी आहे, अशी त्याची समजूत. त्याचा हात लागत नाही हे खरं. फोटो काढताना त्याच्या पायातले फिन लागतात. पोपटमासा पोवळ्यांचे दगड कुरतडून पोटातून वाळू काढतो, हे तो किनाऱ्यावर रंगवून सांगतो. पाण्यात तो मासा शेजारून गेला, तरी याचं लक्ष कॅमेऱ्याच्या बटणांवर.

मुरलेल्या माणसाला हवा कमी लागायला हवी. याच्या सिलिंडरमधल्या हवेचा काटा 200 बारवरून 50 वर सगळ्यांच्या आधी येतो. दोष रेग्युलेटरचा. मग वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. दिवसभरात तो गप्प राहतो ते तेवढंच. तिथेही हातवारे चालूच असतात.

किनाऱ्यावर एक फ्रीडायव्हर मुलगी भेटते. सिलिंडर नाही, गाजावाजा नाही. एका श्वासात 20 मीटर खाली जाऊन येते, आणि तिचा जोडीदार सगळा वेळ तिच्यावर नजर ठेवून असतो. ‘यात काय मोठंसं! दाखवतो आत्ता,’ म्हणत हा पुढे सरसावतो. ती शांतपणे सांगते, ‘काका, तुम्ही आत्ताच सिलिंडर लावून आलात. अंगात नायट्रोजन मुरलेला असतो; आज फ्रीडायव्हिंग करायचं नाही.’ त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरतो. ‘नियम आड आला,’ तो सर्वांना सांगतो, ‘नाहीतर दाखवलंच असतं!’

बोनेरला गेलात तर त्याच्या गोष्टी जरूर ऐका, कारण माहिती बहुतेक खरी असते. पाण्यात उतरताना मात्र जोडीदार दुसरा शोधा.