हॅम्लेटचं नेमकं कुणाशी होतं हो?

मेलेल्या माणसाबद्दल वाईटसाईट बोलू नये म्हणतात, आणि मी बोलतही नाहीये. मी आपलं विचारतेय. डेन्मार्कच्या राजघराण्यातला एकुलता एक मुलगा, विटेनबर्गला शिकलेला, थडगं खणणाऱ्याच्या हिशेबाने तिशी गाठलेला, आणि लग्नाचा पत्ता नाही! चारशे वर्षं होऊन गेली, तरी विद्वान, नट, दिग्दर्शक आणि हल्ली तर कॉलेजातली पोरंसुद्धा एकाच प्रश्नाने पछाडलेली आहेत. बापाचा खून, काकाचं कारस्थान, विषारी तलवार हे सगळं गेलं खड्ड्यात. याचं होतं कुणाशी, ते बोला!

सरळ उत्तर ऑफेलिया. याने तिला पत्रं लिहिली, भेटी दिल्या. आता पत्र म्हटलं की ते झाकलेलं बरं. पण तिच्या वडिलांनी, पोलोनियसने, ते थेट राजाराणीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता एका शब्दावर नाकही मुरडलं. एवढ्यावर थांबेल तर शपथ! पोरीच्या हातात पोथी देऊन तिला हॅम्लेटच्या वाटेत उभी केली आणि स्वतः राजाला घेऊन आडोशाला लपला. आपल्या चाळीतही भिंतीला कान लावतात हो, पण सोबत राजाला नेत नाहीत.

आणि त्याआधीचं ऐका. ऑफेलिया खोलीत शिवत बसलेली. हा आत आला तो अंगरख्याचे बंद सुटलेले, डोक्यावर टोपी नाही, मोजे घसरून घोट्यापाशी. तिचं मनगट घट्ट धरलं, हातभर मागे सरला, तिचा चेहरा निरखत राहिला, तीनदा मान हलवली, उसासा टाकला आणि तिच्याकडे बघत बघतच दाराबाहेर पडला. तोंडातून चकार शब्द नाही! आता याला प्रेम म्हणायचं, नाटक म्हणायचं की निरोप? पुढे ती गेल्यावर मात्र तिच्या थडग्यात उभं राहून, चाळीस हजार भावांचं प्रेम एकत्र केलं तरी माझ्याएवढं भरणार नाही, असा हिशेब मांडला. जिवंतपणी सांगायचं होतंस की रे बाबा! केनेथ ब्रॅनाला तर हा संशय इतका असह्य झाला, की 1996 च्या सिनेमात त्याने हॅम्लेट आणि केट विन्स्लेटच्या ऑफेलियाला सरळ एका पलंगावर दाखवून टाकलं. शेक्सपिअरने दाखवलं नव्हतं, तर याने दाखवलं.

पलंगावरून आठवलं. शिव शिव, सांगायलाही लाज वाटते, पण सांगतेच. फ्रॉइड नावाच्या गृहस्थांनी 1900 साली पिल्लू सोडलं की याचा जीव गुंतलाय तो आईत. त्यांचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने ते शेपूट वाढवलं आणि लॉरेन्स ऑलिव्हिएने 1948 च्या सिनेमात ते पडद्यावर आणलं. शेक्सपिअरने म्हटलं होतं राणीची खासगी खोली. पलंग आत सरकवला तो विसाव्या शतकाने. बरं, त्या सिनेमातली आई आयलीन हर्ली ही मुलगा झालेल्या ऑलिव्हिएपेक्षा अकरा वर्षांनी लहान! त्याला ऑस्कर मिळालं, हे वेगळं सांगायला नको. हॅम्लेटवरच बेतलेल्या आपल्या ‘हैदर’ सिनेमात आई-मुलगा झालेल्या तब्बू-शाहिदच्या प्रसंगांत थिएटरात जी चुळबुळ झाली, तिचं मूळ हे असं.

पण खरा बार पुढेच आहे. 1881 साली व्हायनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने अख्खं पुस्तक लिहून जाहीर केलं की हॅम्लेट ही मुळात बाई होती, आणि तिचं मन जडलं होतं मित्रावर, होरेशिओवर! लोक हसले. डॅनिश नटी आस्टा नीलसन मात्र हसली नाही. तिने 1921 साली स्वतःच्या कंपनीतर्फे मूकपट काढला: गादीला वारस हवा म्हणून मुलगी मुलगा म्हणून वाढवली, ती विटेनबर्गला होरेशिओच्या प्रेमात पडली, होरेशिओ पडला ऑफेलियाच्या, म्हणून ही बिचारी त्याला दूर ठेवायला स्वतःच ऑफेलियाच्या मागे लागली. शेवटी प्राण गेल्यावर होरेशिओचा हात तिच्या छातीवर पडतो तेव्हा त्याला कळतं. तेव्हा! पुरुष कुठले!

नाकं मुरडण्याआधी आपल्या घरातलंही बघा. आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेटच, गाजवला, आणि त्या काळी नायिका उभी राहायची तीही पुरुषच. म्हणजे आपल्या पणजोबांनी डोळे पुसत पाहिलेलं ते प्रेमप्रकरण दोन बाप्यांचंच होतं, आणि कुणाचा धर्म बुडाला नाही.

आजच्या पोरांना तर बाई बनवण्याचीही गरज वाटत नाही. हॅम्लेट पुरुष, होरेशिओ पुरुष, आणि जोडी पक्की! पुरावा मागितला तर तोंडावर फेकतात: तुला काळजाच्या गाभ्यात ठेवलंय, असं हॅम्लेट सांगतो ते होरेशिओला, मरताना नाव काढत नाही ते ऑफेलियाचं, आणि उरलेलं विष पिऊन मागोमाग जायला निघतो तो होरेशिओ. द्या उत्तर!

मला विचाराल तर सगळा दोष त्या हॅम्लेटचा. दीड हजार ओळींच्या आसपास एकटा बोलतो. मरणावर बोलतो, दारूबाजीवर बोलतो, नटांनी हात किती हलवावेत यावरही व्याख्यान देतो. फक्त मनात कोण आहे, ते सांगत नाही. एवढा बोलका माणूस एकाच गोष्टीवर गप्प बसला, तर लोक बोलणारच ना?

आतली माहिती असलेला एकच माणूस मागे उरला. माझी कहाणी लोकांना सांग, असं हॅम्लेटने मरताना होरेशिओला बजावलं. होरेशिओने लगेच नॉर्वेच्या राजपुत्रापुढे, फोर्टिन्ब्रासपुढे, यादी वाचली: खून, कपट, चुकून गेलेले बळी, उलटलेले डाव. प्रेमाचं? अवाक्षर नाही! मिठाची गुळणी धरून बसला.

आता तुम्हीच सांगा, काहीच नसतं तर लपवलं असतं का?